रंगमास्तर कधी वारला

माझा नवरा निशिकांत क्षीरसागर हा सिंगापुरातला अगदी साधा माणूस आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे. सेंगकांगला फ्लॅट, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत त्याची नोकरी, तांजोंग पगारला माझी. एक मुलगी, जाई, तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर द्यायची वेळ आली की इंग्रजी सुचतं. आमच्यासारखी घरं इथे ढिगाने सापडतील. त्यातल्या कुणाचे पणजोबा जर्मन नसतात, एवढाच काय तो फरक.

हे कळलं की लोक आधी निशिकांतचे डोळे बघतात. डोळे काळेभोर आहेत आणि रंग सोलापूरच्या उन्हात भाजून निघालेला. मग लोक माझ्याकडे बघतात, ही चेष्टा चालली आहे का म्हणून. चेष्टा नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधी हाइनरिश ओटो ब्रांट नावाचा माणूस सोलापूरच्या एका गिरणीत रंगखात्याचा मास्तर होऊन आला. तेव्हा गिरण्यांना रंग जर्मनीहून यायचे आणि ते वापरायला शिकवणारी माणसंही तिकडूनच यायची. ब्रांटने रंगखात्यातल्या मुकादमाच्या बहिणीशी, भागीरथीशी, लग्न केलं. देवळात हार घातले, पंगती उठल्या, पुढे मुलगा झाला. मूल रांगतंय तोवर युद्ध लागलं आणि इंग्रजांनी ब्रांटला नेऊन नगरच्या छावणीत डांबलं. युद्ध संपल्यावर तिथल्या जर्मनांना बोटीत बसवून परत पाठवण्यात आलं. ब्रांट गेला तो गेला. मुलाला मामाने वाढवलं आणि मामाचं क्षीरसागर हे आडनाव लागलं. मागे एक लोखंडी ट्रंक राहिली, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं पूर्ण नाव होतं.

आणि राहिलं भागीरथीबाईंचं कुंकू. घरातला खरा वाद त्यावरून होता. बाई नवऱ्याच्या आधी गेली तर ती सवाष्ण गेली. पितृपक्षात तिचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं, सवाष्णीला जेवायला बोलवून, तिची ओटी भरून. नवऱ्याच्या मागे गेली तर नवमीचा मान नाही. भागीरथीबाई १९५१ साली गेल्या, पण तेव्हा रंगमास्तर हयात होता की नव्हता हे सांगणार कोण? नवरा बारा वर्षं बेपत्ता असला की त्याचे दिवस करून कुंकू पुसायचं, असं भाऊबंदांनी त्यांना बजावलं होतं. बाईंनी कुणाचं ऐकलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ठसठशीत कुंकू लावलं आणि त्यापायी टोमणे खाल्ले. साहेबाने टाकली, तरी सवाष्ण म्हणून मिरवते, असं लोक तोंडावर म्हणायचे.

हे टोमणे ज्यांनी परकऱ्या वयात ऐकले त्या भागीरथीबाईंच्या नातीचं नाव सुचित्रा. निशिकांतच्या त्या आत्या. आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत, सोलापुरात राहतात, गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे. आपल्या आजीची नवमी व्हावी की होऊ नये यावरून त्यांनी निम्म्या भावकीशी बोलणं टाकलं. त्यांना जन्मभर एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. रंगमास्तर आजीच्या आधी वारला की नंतर? निशिकांतचे वडील गेल्यावर हा प्रश्न वारसाहक्काने आमच्या घरी आला आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात शिरला.

तसा तो आधीच अस्वस्थ जातीचा. जेवताना उठतो, सिनेमा बघताना उठतो, एमआरटीत बसायला जागा मिळाली तरी उभा राहतो. त्याला शोधायला काहीतरी दिलं म्हणजे विचारूच नका. बँकेत त्याचं कामही शोधायचंच आहे. नवीन खातं उघडायला आलेल्या माणसाचं नाव जगभरच्या बदमाशांच्या नावांशी जुळतं का ते बघायचं. संगणक दिवसभर जुळलं, जुळलं म्हणून बोंब मारतो आणि निशिकांत प्रत्येक वेळी खात्री करून सांगतो की बाबा रे, हा तो नव्हे. नव्याने लागलेल्यांना तो शिकवतो की चिनी माणूस आडनाव आधी सांगतो, मलय माणूस बिन लावून वडिलांचं नाव सांगतो, तमिळ माणूस वडील एका अक्षरात आटोपतो. प्रत्येकाचं नाव त्याच्या घरच्या रीतीने वाचा, असं त्याचं तिथे ठरलेलं व्याख्यान आहे.

घरी येऊन त्याने ट्रंकेवरचं नाव आपल्या रीतीने वाचलं. निशिकांत मधुकर क्षीरसागर, तसा हाइनरिश ओटो ब्रांट. म्हणजे ओटो ब्रांटचा मुलगा हाइनरिश. त्यात वावगं काही आहे असं मला वाटलं नाही, आत्यांना वाटलं नाही, सोलापुरात कुणालाच कधी वाटलं नव्हतं. या हिशेबाने त्याने इंटरनेटवर जर्मनीतली चर्चं, बंदरं, कबरस्तानं पालथी घातली. शनिवार-रविवार त्यात जाऊ लागले. आम्ही बिंतानला सुट्टीवर गेलो तर हा समुद्राकडे पाठ करून फोनमध्ये ब्रांट लोकांचे बाप मोजत होता. मी एकदा रागाने म्हटलं, "तुझ्या पणजोबाने एकच बायको टाकली, तू तर चालू संसार टाकतोयस." तो हसला, आणि पुन्हा मान खाली.

गेल्या वर्षी त्याला तो सापडला. क्रेफेल्ड गावचा हाइनरिश ब्रांट, वडिलांचं नाव ओटो, धंदा कापड रंगवण्याचा, तरुणपणी पूर्वेकडे जाऊन आलेला. वयही बसत होतं. त्याची नात इंगे, निवृत्त शाळामास्तरीण, अजून त्याच गावात राहत होती. निशिकांतने तिला मेल केला आणि तिचं उत्तर आलं ते थेट "माझ्या प्रिय भावा" अशा सुरुवातीने. आजोबा पूर्वेकडच्या दिवसांबद्दल कधी चकार शब्द काढत नसत, असं तिने सांगितलं. का काढत नसत ते आता कळलं, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. जाईने एकदा डीएनए तपासणी सुचवली होती. आत्या फोनवर कडाडल्या, "थुंकी पाठवून नातं ठरवायचं? काही जनाची लाज?" ते तिथेच बारगळलं. मग दर रविवारी इंगे व्हिडिओवर यायची, आपल्या बागेतली फळं दाखवायची, आणि निशिकांत तिला आमच्या कुंडीतला कढीपत्ता दाखवायचा.

इंगेचे आजोबा परत गेल्यावर १९२१ साली लग्न करून मोकळे झाले होते. चार मुलं झाली. वारले १९६१ साली. हे आत्यांना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "मेल्याने दुसरा संसार थाटला की रे. पण आजीचं कुंकू खरं ठरलं." आणि दुसऱ्या दिवशी अबोला धरलेल्या निम्म्या भावकीला त्यांनी स्वतःहून फोन केले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या स्वतःहून बोलत होत्या, कारण आता त्या जिंकल्या होत्या.

या वर्षी त्या आमच्याकडे आल्या. नवमी पणतवाच्या हातून व्हावी, तीही थाटात, असा त्यांचा हट्ट. ऑगस्टमध्ये व्हीलचेअरवरून चांगी विमानतळावर उतरल्या त्या सामानात पुरणयंत्र घेऊनच. आल्या आल्या सहाव्या मजल्यावरच्या वीणाला सवाष्ण म्हणून नवमीचं आमंत्रणही देऊन टाकलं. वीणा बिचारी शास्त्रज्ञ आहे, तिला नवमी म्हणजे रामनवमी एवढंच ठाऊक होतं. पण आत्यांना नाही म्हणणं कुणाला जमत नाही.

त्याआधी गौरी आल्या. आमच्याकडे हळदीकुंकवाला दहा-बारा बायका जमल्या. आत्या स्वतः विधवा. त्या आतल्या खोलीत जाऊन बसायला लागल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि सोफ्यावर बसवलं. बायका एकमेकींना नाव घ्यायचा आग्रह करत होत्या, कुणी मोबाइलमधून वाचून उखाणा म्हणत होतं. आत्यांना ते बघवेना. "अगं, वाचून कसलं नाव घेता? माझी आजी ऐकायला हवी होती. बायका मुद्दाम तिला म्हणायच्या, भागीरथे, साहेबाचं नाव घे. ती घाबरायची नाही." आणि त्यांनी ताठ बसून म्हणून दाखवलं,

"तांबड्या सुताची लडी, निळ्या कापडाची घडी,
ओटोरावांचं नाव घेते, काढा दाराची कडी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. निशिकांत खिरापतीच्या वाट्या भरलेला ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने तो ट्रे कपाटावर ठेवला, "दही घेऊन येतो," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. दह्याचा काहीच संबंध नव्हता.

दोन तास झाले तरी तो आला नाही, फोन उचलेना. शेवटी जाईने त्याचं लोकेशन बघितलं. "बाबा एलआरटीमध्ये आहे. ईस्ट लूपवर. ही इज जस्ट गोइंग राउंड अँड राउंड, लाह." आमच्याकडची एलआरटी, म्हणजे छोटी लोकल, घरांभोवती फेरी मारून पुन्हा सेंगकांगलाच येते. मी खाली गेले, स्टेशनवर उभी राहिले, आणि दुसऱ्या की तिसऱ्या गाडीत तो दिसला. मी आत चढले. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मीनल, बाई सासऱ्याचं नाव घेते का गं उखाण्यात?"

"काहीतरीच काय! नवऱ्याचं घेते."

"मग ओटो सासरा कसा?"

मला समजायला दोन स्टेशनं लागली. ओटो हे बापाचं नाव नव्हतंच. हाइनरिशही तोच आणि ओटोही तोच, दोन्ही त्याची स्वतःची नावं. घरात त्याला ओटो म्हणत असणार, बायकोने तेच घेतलं. आणि आम्ही ओटो नावाचा बाप असलेला कुणी भलताच हाइनरिश गाठून त्याच्या नातीला बहीण मानून बसलो होतो. निशिकांतने त्याच रात्री इंगेला विचारलं, एकाच माणसाची अशी दोन नावं असतात का. ती म्हणाली, "अर्थात. माझं नाव इंगेबोर्ग क्लारा आहे. क्लारा माझे वडील नव्हेत." मग तिच्याही लक्षात आलं आणि पडद्यावर तिचा चेहरा उतरला. तिने घरात थोडी विचारपूस केली तर तिचे आजोबा पूर्वेकडे म्हणजे जावाला होते, हिंदुस्थानात त्यांचं पाऊलही पडलं नव्हतं.

बाई मनाने मोठी. नातं तुटलं म्हणून तिने काम टाकलं नाही. "मीच शोधते तुमचा ओटो," म्हणाली. इकडे निशिकांतने झोप सोडली, जेवण सोडलं, बोलणं सोडलं. बँकेत दिवसाला शंभर नावं चुकीची जुळलेली ओळखणारा मी, असं स्वतःशीच म्हणत तो घरभर फिरायचा. आत्या विचारायच्या, "याला पोटाचं काही आहे का गं?" मी म्हणायचे, कामाचा ताण आहे. दरम्यान पितृपक्ष लागला.

नवमीला दोन दिवस उरले असताना इंगेचा फोन आला. सापडला होता. हाइनरिश ओटो ब्रांट, वडिलांचं नाव गुस्ताव, रंगारी, नगरच्या छावणीतून परत पाठवलेला. बोट हॉलंडच्या बंदराला लागली तेव्हा आजारी होता आणि तिथल्याच इस्पितळात १९२० सालच्या एप्रिलमध्ये वारला. घरी पोचलाच नाही. म्हणजे भागीरथीबाई त्यानंतरची सगळी वर्षं, टोमणे खात, ठसठशीत कुंकू लावून, विधवा होत्या.

घरात भांडायला जागा नाही, आत्यांचे कान तिखट. म्हणून आम्ही खालच्या कॉफीशॉपमध्ये जाऊन भांडलो.

"सांगायचं नाही," मी म्हटलं. "शहाऐंशी वर्षांची बाई आहे ती, जिंकून आलीये. परवा तिच्या आजीची नवमी आहे. तिच्या तोंडचा घास काढून तुला काय मिळणार?"

"ती चुकीच्या माणसाला शिव्या देतेय, मीनल. आणि परवा चुकीच्या माणसाच्या आयुष्यावर नवमी करणार."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

शेजारच्या टेबलावरचे काका कॉफी ढवळायची थांबले. मला इतका संताप आला होता की मी माझा कप तसाच टाकून उठले. खरं तर मला भीती वाटत होती. म्हातारं माणूस एखाद्या गोष्टीच्या आधाराने उभं असतं, आणि ती काढून घेतल्यावर त्याचं काय होतं हे मी माझ्या आईच्या बाबतीत बघितलं आहे. पण ते निशिकांतला तिथे, त्या गोंगाटात, सांगायला मला जमलं नाही.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी आत्या हॉलमध्ये पुरणासाठी डाळ निवडत बसल्या होत्या. पाकिटातली डाळ निवडलेलीच असते हे त्यांना मान्य नाही. निशिकांत येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि मनात त्याला शिव्या देत होते.

"आत्या, तुला एक सांगायचंय. इंगेचे आजोबा आपले नव्हते."

आत्यांचे हात चालूच राहिले. त्याने सगळं सांगितलं. नावाची चूक, उखाणा, खरा ओटो, बोट, इस्पितळ. साल सांगितलं तेव्हा मात्र हात थांबले.

"वीस साली?"

"हो."

"आजी एक्कावन्नला गेली." त्यांनी मनाशी वजाबाकी केली. "म्हणजे लोक म्हणत होते ते खरं होतं."

"नाही आत्या, ऐक. इस्पितळातल्या नोंदीत लिहिलंय, विवाहित. बायकोचं नाव भागीरथी, राहणार सोलापूर, हिंदुस्थान."

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांनी स्वतःच सांगितलं असणार. तिथे दुसरं कोण होतं त्यांचं?"

आत्यांनी ताट बाजूला सारलं, थोडी डाळ खाली सांडली. मग त्या रडायला लागल्या. मी धावत आले, निशिकांतकडे जळजळीत बघितलं, आत्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी माझा हात झटकला.

"टाकलं नव्हतं तिला," त्या म्हणाल्या. "ऐकलंस का मीनल? टाकलं नव्हतं त्यांनी. आणि मी त्यांना जन्मभर मेल्या, मेल्या म्हणत आले." डोळे पुसून त्या निशिकांतला म्हणाल्या, "शंभर वर्षांत कुणी पाणी सोडलं नाही रे त्यांना. अमावास्येला त्यांचं पान वाढायचं. काय खायचे ते?"

"माहीत नाही, आत्या."

"मग आपलंच वाढू. आजीच्या हातचं खायचेच की."

निशिकांतने मान हलवली. किती महिन्यांनी तो एका जागी बसला होता. मी खाली वाकून सांडलेली डाळ गोळा करू लागले. उद्याचं काय करायचं हा प्रश्न कुणीच काढेना, तेव्हा तो मलाच काढावा लागला. वीणाने ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती.

"आत्या, मग उद्याची नवमी राहू दे ना? वीणाला सांगते मी तसं."

"का?"

"नाही, म्हणजे... ते आधी गेले ना."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं.

"आमचे हे गेले ते पहाटे. दवाखान्यात. मला सांगायला माणूस आला तोवर उजाडलं होतं. मी आंघोळ करून, कुंकू लावून, त्यांच्यासाठी डब्यात द्यायचा उपमा करत होते. तेवढा वेळ मी कोण होते गं? विधवा होते?"

मी हातातली डाळ ताटात टाकली.

"दारात येऊन कुणीतरी सांगतं, तेव्हा बाई विधवा होते. तिच्या दारात कुणी आलंच नाही." त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "वीणाला सांग, बाराच्या आत ये म्हणावं. आणि साडी नेसून ये, ते पॅन्ट-बिंट नको."